डिप्लोमसी : वाटाघाटींच्या पटखेळाचा उगम आणि प्रवास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही काही मंडळी महिन्यातून एखाद्या रविवारी ‘डिप्लोमसी’चा डाव मांडतो. नवीन येणारा प्रत्येक जण पहिला चहा संपेपर्यंत साधारण तेच प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरे देता देता डाव सुरू व्हायला अकरा वाजतात. ही प्रश्नोत्तरे त्यासाठी एकदाची लिहून ठेवली आहेत. डाव कसा जिंकावा हे त्यांत फारसे सापडणार नाही. हा खेळ आला कुठून, साठ-पासष्ट वर्षांत त्यात काय बदलले आणि काय तसेच राहिले, हा त्यांचा मुख्य विषय आहे.

डिप्लोमसी हा नेमका कसा खेळ आहे?

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपच्या नकाशावर सात जणांनी खेळायचा हा पटखेळ आहे. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान या सात सत्ता चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. नकाशावर जमीन आणि समुद्र मिळून ७५ प्रदेश आहेत आणि त्यांपैकी ३४ प्रदेशांत पुरवठा केंद्रे आहेत. ज्याच्या ताब्यात जितकी केंद्रे, तितकीच सैन्ये आणि आरमारे त्याला पोसता येतात. ज्याच्याकडे १८ केंद्रे होतात तो जिंकतो. आरंभी रशियाकडे चार आणि बाकी सहा जणांकडे प्रत्येकी तीन केंद्रे असतात. उरलेली बारा, म्हणजे बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल, ट्युनिस, सर्बिया, रुमानिया, बल्गेरिया आणि ग्रीस, कोणाचीच नसतात, आणि पहिल्या वर्षातली सारी बोलणी याच बारा ठिकाणांभोवती फिरतात.

प्रत्येक वर्षात वसंत आणि शरद अशा दोन फेऱ्या असतात. फेरीच्या आधी खेळाडू हवे त्याच्याशी, हवे तिथे जाऊन बोलतात. नंतर प्रत्येक जण आपले आदेश कागदावर गुपचूप लिहितो आणि सर्वांचे कागद एकाच वेळी उघडले जातात. बोलताना दिलेला कोणताही शब्द नियमाने बंधनकारक नसतो. खेळाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

याची कल्पना कोणाला आणि कशी सुचली?

१९३१ मध्ये जन्मलेले अ‍ॅलन कॅलहॅमर हे या खेळाचे जनक. शिकागोजवळच्या ला ग्रेंज पार्क या उपनगरात ते वाढले. लहानपणी घराच्या माळ्यावर त्यांना भूगोलाचे एक जुने पुस्तक सापडले आणि त्यात ऑस्ट्रिया-हंगेरी, ऑटोमन साम्राज्य असे देश दिसले, जे त्यांच्या काळच्या नकाशावरून पुसले गेले होते. नाहीशा झालेल्या सरहद्दींचे हे आकर्षण त्यांच्या मनातून पुढेही गेले नाही.

दुसरा धागा १९४५ मधला आहे. युद्धोत्तर जगाची घडी कशी असावी यावर ‘लाइफ’ साप्ताहिकात आलेल्या एका लेखात व्हिएन्ना परिषदेपासून १९१४ पर्यंतच्या काळाचा आढावा घेतला होता, आणि साधारण सारख्या बळाच्या अनेक महासत्ता असतील तर शांतता टिकण्याची शक्यता अधिक, असा युक्तिवाद केला होता. जगाच्या बाबतीत हे खरे ठरेल की नाही हा भाग वेगळा, पण अशा स्थितीचा खेळ मात्र उत्तम होईल, असे त्या चौदाएक वर्षांच्या मुलाला वाटले. मला या साऱ्या कथेतला हाच क्षण सर्वांत विलक्षण वाटतो, कारण लेख शांततेबद्दल होता आणि वाचणाऱ्याला त्यातून लढाईचा पट दिसला.

पुढे हार्वर्डला शिकत असताना त्यांनी सिडनी ब्रॅडशॉ फे या इतिहासकारांकडे एकोणिसाव्या शतकातील युरोपचा इतिहास अभ्यासला. फे यांचा महायुद्धाच्या मूळ कारणांवरील ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. युद्धाचे खापर एकट्या जर्मनीवर न फोडता गुप्त करार, एकमेकांत गुंतलेल्या युत्या आणि परस्परांविषयीचा संशय यांचे जाळे त्यात उलगडून दाखवले होते. कॅलहॅमर यांना हवा असलेला सांगाडा तिथे मिळाला.

चौथी गोष्ट पत्त्यांची. पूर्वी संगणकावर सर्रास मिळणारा हार्ट्स हा खेळ अनेकांना ठाऊक असेल. त्यात पुढे गेलेल्या खेळाडूला रोखण्यासाठी इतरांनी एकत्र यावे लागते, पण ते उघडपणे ठरवता येत नाही. तिथे जर बोलण्याची मुभा दिली तर काय होईल, हा प्रश्न कॅलहॅमर यांना पडला. १९५३ मध्ये पदवी घेऊन ते विधिशाखेत दाखल झाले आणि १९५४ मध्ये, वकिलीचा अभ्यास अर्धवट टाकण्याच्या सुमारास, खेळाचा मूळ आराखडा तयार झाला. मित्रांना बसवून, चुका काढून, नियम पुन्हा लिहून त्यावर पुढे १९५८ पर्यंत काम चालू राहिले.

डाव १९०१ सालापासूनच का सुरू होतो?

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सातही सत्ता शाबूत होत्या आणि कोणाची युती कोणाशी राहील हे पक्के झालेले नव्हते. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील सलोख्याचा करार १९०४ मधला आहे. इटलीने १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी त्रिपक्षीय मैत्री राखली होती, पण एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून ती दुसऱ्या बाजूला गेली आणि मेमध्ये ऑस्ट्रियावरच चालून गेली. डावात इटलीच्या खेळाडूने व्हेनिसहून त्रिएस्तेवर अचानक झेप घेतली की ऑस्ट्रियाचा खेळाडू संतापतो. त्याला आम्ही हे साल सांगतो.

नकाशा मात्र इतिहासाची हुबेहूब प्रत नाही. खेळात स्वित्झर्लंडमध्ये कोणालाच शिरता येत नाही, आणि उत्तर आफ्रिकेचा तुकडा केवळ समतोलासाठी जेमतेम ठेवलेला आहे.

फासे नाहीत, पत्ते नाहीत, मग खेळ चालतो कशावर?

बळाच्या बरोबरीवर चालतो. कॅलहॅमर यांच्या रचनेतील खरी करामत हीच आहे.

प्रत्येक सैन्याचे आणि प्रत्येक आरमाराचे बळ सारखेच, म्हणजे एक, असते. एका प्रदेशात एकच सोंगटी राहू शकते. दोन सोंगट्या एकाच प्रदेशात जाऊ पाहू लागल्या तर दोघींनाही मागे, होत्या तिथेच राहावे लागते. याचा अर्थ एकट्याने कोणालाही हुसकावता येत नाही. पुढे सरकायचे असेल तर शेजारच्या सोंगटीचा पाठिंबा घ्यावा लागतो. समजा, मार्सेयचे फ्रेंच सैन्य बर्गंडीत जाऊ पाहते आहे आणि त्याच वेळी म्युनिकचे जर्मन सैन्यही तिथेच निघाले आहे. दोघेही अडतील. पण पॅरिसच्या सैन्याने हल्ला न करता मार्सेयच्या चालीला पाठिंबा दिला, तर फ्रान्सचे बळ दोन होते आणि बर्गंडी त्याच्या हाती पडते. पाठिंबा देणाऱ्यावरच कोणी दुसरीकडून हल्ला चढवला तर पाठिंबा तुटतो. म्हणजे हल्ला फसला तरी त्याने काम साधलेले असू शकते.

पाठिंबा आपल्याच सोंगटीला द्यावा असे बंधन नाही. परक्याच्या सैन्यालाही देता येतो, आणि तीन-चार सोंगट्यांवर आरंभ करणाऱ्याला परक्याच्या पाठिंब्यावाचून फार दूर जाता येत नाही. त्यामुळे बोलणी हा या खेळावर वरून चढवलेला साज नसून त्याच्या गणितातूनच उद्भवलेली गरज आहे. व्यापार खेळताना आपण शेजाऱ्याशी तिकिटांची अदलाबदल करतो, पण ती केली नाही तरी फासे पडतच राहतात. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये आलेल्या ‘रिस्क’ या जगज्जेतेपणाच्या खेळातही युत्या होतात, पण शेवटी निकाल फाशांचा असतो. इथे नशीब फक्त कोणता देश वाट्याला आला एवढ्यापुरते असते. हरल्यावर दोष द्यायला काही उरत नाही, आणि बहुधा म्हणूनच मंडळी एकमेकांवर रागावतात.

याहून बारीक उदाहरण काळ्या समुद्राचे आहे. रशियाचे आरमार सेव्हास्टोपोलला आणि तुर्कस्तानचे अंकाराला असते. मधल्या समुद्रात कोणीच जाऊ नये असे दोघांनाही वाटते. उपाय असा की दोघांनीही तिथेच जाण्याचा आदेश लिहायचा, म्हणजे दोघेही अडतील आणि समुद्र रिकामा राहील. एकाने आदेश बदलला की दुसरा समुद्रात शिरतो. थोडक्यात, तह पाळायचा असेल तर हल्ल्याचाच आदेश लिहावा लागतो. नवीन खेळाडूच्या हे लक्षात आले की तो पुढच्या वेळी न बोलावता येतो.

तो बाजारात कसा आला?

सहजासहजी आला नाही. मोठ्या कंपन्यांनी नकार दिल्यावर कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये पदरमोड करून ५०० प्रती काढल्या आणि स्वतःच विकल्या. १९६१ च्या सुमारास बोस्टनच्या गेम्स रिसर्च या कंपनीने तो हाती घेतला. १९७६ मध्ये युद्धखेळांसाठी नावाजलेल्या अ‍ॅव्हलॉन हिलकडे त्याचे हक्क गेले आणि १९९८ मध्ये हॅस्ब्रोने ती कंपनीच विकत घेतली. अलीकडची आवृत्ती रेनेगेड गेम स्टुडिओज या प्रकाशकाची आहे. लाकडी ठोकळे, प्लॅस्टिकच्या सोंगट्या, धातूच्या तोफा अशी रूपे बदलत गेली. आमच्याकडच्या पेटीतील तीन तोफा हरवल्या असून त्यांच्या जागी कॅरमच्या सोंगट्या वापरतो आणि त्याने खेळात काडीचाही फरक पडत नाही.

एवढा खेळ काढणाऱ्या माणसाचे पुढे काय झाले?

खेळावर त्यांचा प्रपंच चालला नाही. सिल्व्हेनिया कंपनीच्या संशोधन विभागात त्यांनी काही काळ नोकरी केली, न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळ उद्यानरक्षक म्हणून काम केले आणि नंतर गावी परतून, ज्या ला ग्रेंज पार्कमध्ये ते वाढले होते तिथेच, टपाल वाटण्याचे काम निवृत्तीपर्यंत केले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूळ नियम आणि आजचे नियम यांत किती फरक आहे?

फार थोडा. १९७१, १९७६, १९८२ आणि २००० या वर्षांतील नियमपुस्तिका शेजारी ठेवल्या तर बहुतेक बदल शब्दांच्या नेमकेपणाचे दिसतात. नकाशा तोच, केंद्रे तीच आणि सोंगट्यांचे बळही तेच.

खरी डोकेदुखी आरमारी वाहतुकीच्या नियमाने दिली. समुद्रातील आरमार जमिनीवरच्या सैन्याला पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊ शकते. आता समजा, नेले जाणारे सैन्य ज्या ठिकाणी उतरते, तिथल्या सोंगटीचा पाठिंबा त्या हल्ल्याने तुटतो, आणि नेमका तोच पाठिंबा त्याला घेऊन येणाऱ्या आरमाराला बुडवणार होता. सैन्य उतरले तर आरमार वाचते, आरमार वाचले तरच सैन्य उतरते. उतरले नाही तर आरमार बुडते आणि म्हणून ते उतरत नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी सुसंगत आहेत. अशा पेचांवर खेळाडूंनी वर्षानुवर्षे वाद घातला आणि सायमन झिकमन यांच्या नावाने ओळखला जाणारा, ‘पेच पडल्यास वाहतूक झालीच नाही असे समजावे’ हा तोडगा पुढे अनेक ठिकाणी रूढ झाला. घरच्या डावात असा पेच सहसा येत नाही. आमच्याकडे आजवर एकदा आला आणि त्या दिवशी जेवण थंड झाले.

नियम बदलले नाहीत, तर उत्क्रांती कशाची झाली?

बोलण्याच्या साधनांची झाली. पट जागच्या जागी राहिला आणि खेळाडूंमधला संवाद मात्र टेबलावरून टपालात, टपालातून ईमेलमध्ये आणि तिथून संकेतस्थळांवर गेला. प्रत्येक वेळी तोच खेळ थोड्या निराळ्या स्वभावाचा झाला.

टपालाने हा खेळ खेळत असत, हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे आहे, आणि या खेळाच्या इतिहासातील तो सर्वांत समृद्ध भाग आहे. समोरासमोरच्या डावाला सात माणसे आणि सहा-सात तास लागतात, आणि ती जमवणे १९६० च्या दशकातल्या अमेरिकेतही सोपे नव्हते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी ‘ग्राउस्टार्क’ नावाचे हस्तपत्र, म्हणजे हौसेने स्वतःच काढलेले छोटे नियतकालिक, सुरू केले आणि त्यातून टपालाचा डाव यशस्वीपणे चालवून दाखवला. खेळाडूंनी एकमेकांना खासगी पत्रे लिहायची, ठरलेल्या तारखेपर्यंत आपले आदेश डाव चालवणाऱ्याकडे धाडायचे आणि त्याने निकाल छापून सर्वांना पाठवायचा, अशी ही पद्धत होती. एक डाव संपायला वर्ष, दोन वर्षेही लागत. डावांची संख्या इतकी वाढली की त्यांची नोंद ठेवण्यासाठी प्रत्येक डावाला वर्ष आणि अक्षर मिळून क्रमांक देण्याची प्रथा पडली. त्या क्रमांकांना आजही बोर्डमन यांचेच नाव आहे.

टपालाने खेळाचा स्वभाव पालटला. टेबलावर पंधरा मिनिटांत आवाज, डोळे आणि देहबोली यांवरून समोरच्याला जोखावे लागते. पत्रात तीन आठवडे विचार करून एकेक वाक्य तोलता येते. शिवाय आलेले पत्र फाइलला लावून ठेवता येते आणि तिसऱ्याला दाखवताही येते. यातून काहींनी दुसऱ्याच्या नावाची बनावट पत्रे धाडण्यापर्यंत मजल मारली, आणि मग ते चालावे की चालू नये यावर हस्तपत्रांत रकानेच्या रकाने भरले. निकालाच्या जोडीला काल्पनिक बातमीपत्रे छापण्याची हौसही याच काळातली. त्सारचे फर्मान, सुलतानाचा खलिता वगैरे. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये डॉन टर्नबुल यांच्या ‘अल्बियन’पासून ही परंपरा सुरू झाली. पत्रांतून ओळख झालेली मंडळी पुढे प्रत्यक्ष भेटू लागली. अमेरिकेतील पहिले संमेलन १९६६ मध्ये ओहायोतील यंगस्टाउन येथे भरले आणि पहिले जागतिक संमेलन १९८८ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाले.

खेळाचा जनक टपाल वाटत होता आणि खेळ टपालावर जगत होता, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

ईमेल आणि संकेतस्थळांनी काय केले?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस केन लो यांनी आदेश ईमेलने स्वीकारून निकाल आपोआप लावणारी संगणकप्रणाली लिहिली. तिला ‘जज’, म्हणजे पंच, असे नाव पडले. निकालातील मानवी चुका संपल्या आणि डाव वर्षांऐवजी महिन्यांत पुरा होऊ लागला. पुढे वेबडिप्लोमसी, बॅकस्टॅबर अशी संकेतस्थळे आली. तिथे नकाशावर बोट ठेवून आदेश देता येतो आणि पाच मिनिटांच्या फेऱ्यांपासून दोन-तीन दिवसांच्या फेऱ्यांपर्यंत हवा तो वेग निवडता येतो. नेरूळहून येणारे आमचे दोन सभासद लोकलमध्ये उभ्याउभ्या असे डाव खेळतात. संदेश पूर्णपणे बंद ठेवून, प्रतिस्पर्धी कोण हे न कळता खेळायचा ‘गनबोट’ हा प्रकारही संकेतस्थळांवर लोकप्रिय आहे. बोलण्याच्या खेळातून बोलणेच काढून टाकणे विचित्र वाटेल, पण तिथे आदेशांतूनच इशारे दिले जातात. विनाकारण दिलेला पाठिंबा हा मैत्रीचा प्रस्ताव समजला जातो.

संगणकाने माणसांना या खेळात हरवले, असे वाचले. त्यात तथ्य किती?

तथ्य आहे, पण ते नीट समजून घ्यावे लागते. बुद्धिबळात संगणकाने १९९७ मध्ये विश्वविजेत्याला हरवले. डिप्लोमसीत मात्र चांगली चाल शोधणे पुरेसे नव्हते, कारण चाल चांगली आहे की नाही हे इतर सहा जण काय करतील यावर अवलंबून असते आणि ते काय करतील हे आपण त्यांच्याशी काय बोलतो यावर. त्यामुळे संशोधकांनी आधी बोलण्याविना खेळणारे कार्यक्रम तयार केले आणि मग भाषेकडे वळले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ या प्रणालीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सिसेरोने ऑनलाइन स्पर्धेत ४० डाव खेळले, ८२ माणसे त्याच्यासमोर बसली, आणि एकाहून अधिक डाव खेळलेल्यांत तो वरच्या १० टक्क्यांत आला. त्याचे सरासरी गुण माणसांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त होते. फेऱ्या पाच मिनिटांच्या होत्या, म्हणजे ते झटपट डाव होते. मनात घोळवून, जुने हिशेब काढून, रात्री अकराला फोन करून चालणारा डाव त्यात नव्हता.

सिसेरोला प्रामुख्याने प्रामाणिक राहायला शिकवले होते, ही त्याची बहुचर्चित बाजू. जी चाल करण्याचा त्याचा खरोखर बेत असे, तिच्याशी जुळणारेच संदेश त्याने लिहावेत अशी रचना होती. मात्र बेत बदलला की आधीचा शब्द आपोआप खोटा पडतो, हे माणसांच्या बाबतीत जितके खरे आहे तितकेच इथेही होते. २०२४ मध्ये काही संशोधकांनी सिसेरोच्या डावांतील फसवणुकीची उदाहरणे पुढे ठेवून त्या प्रामाणिकपणाच्या दाव्यावर आक्षेप घेतला. माझे मत असे की दोन्ही बाजू खेळाच्या स्वभावाचेच वर्णन करीत आहेत. शब्द मोडण्याचा बेत आधीपासून असणे आणि शब्द पाळणे परवडेनासे होणे यांतला फरक टेबलावर बसलेल्यालाही नेहमी सांगता येत नाही.

म्हणजे या खेळात खोटे बोलावेच लागते का?

सक्ती नाही. उलट जो दर फेरीला फसवतो, त्याच्याशी तिसऱ्या फेरीनंतर कोणी बोलत नाही, आणि पाठिंब्यावाचून तो जागच्या जागी कुजतो. जाणते खेळाडू बहुतांश वेळ खरेच बोलतात आणि एखाद्याच निर्णायक क्षणी शब्द फिरवतात. खेळाडूंच्या इंग्रजी बोलीत त्या क्षणाला ‘स्टॅब’ हा जो शब्द आहे, त्यासाठी मराठी राजकारणाने ‘पाठीत खंजीर खुपसणे’ हा वाक्प्रचार केव्हाचा तयार ठेवला असल्याने आम्हाला भाषांतर करावे लागले नाही.

मैत्री तुटते का, असेही विचारतात. नवरा-बायको एकाच डावात शेजारची राष्ट्रे घेऊन बसू नयेत, एवढा एक नियम आम्ही अनुभवाने केला आहे.

आपल्या इतिहासाशी याचा काही संबंध जोडता येतो का?

खेळाचा उगम युरोपचा आहे आणि त्याचे श्रेय तिथेच राहिले पाहिजे. पण ठाण्यात बसून खेळणाऱ्याला दूर जावे लागत नाही. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. पुढच्या वर्षी सुरतेच्या तहात रघुनाथरावाने साष्टी (ठाणे ज्यात येते ते बेट) आणि वसई इंग्रजांना देऊ केली. १७७६ मध्ये पुरंदरच्या तहाने सुरतेचा तह रद्द झाला, तरी साष्टी त्यांच्याकडेच राहिली. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहातही ती परत आली नाही. आपण राहतो ती जमीन आठ वर्षांत तीन तहनाम्यांतले कलम होती.

दरम्यान नाना फडणिसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. हैदर कर्नाटिकात, म्हणजे आजच्या तामिळनाडूच्या भागात, उतरला, मराठे लढले, पण निजाम आणि नागपूरकर यांना इंग्रजांनी वेगवेगळ्या मार्गांनी थंड केले. डिप्लोमसी खेळलेल्या माणसाला यात ओळखीचे काही दिसते: चौघांनी पाठिंबा कबूल केला आणि दोघांनी तो कागदावर लिहिलाच नाही.

याच पद्धतीचे इतर खेळ आहेत का?

पुष्कळ आहेत. १९७७ मध्ये आलेल्या ‘मॅकियाव्हेली’त प्रबोधनकाळातील इटली असून त्यात पैसा, लाच आणि रोगराईही आहे. १९९४ च्या ‘कलोनियल डिप्लोमसी’त पट आशियाचा आहे, तिथे ब्रिटन, फ्रान्स, हॉलंड, रशिया, जपान, चीन आणि तुर्कस्तान वसाहतींसाठी झगडतात आणि हिंदुस्थान अर्थातच ब्रिटनचा असतो. हौशी मंडळींनी केलेल्या नकाशांची तर गणतीच नाही. अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा नकाशा आम्हीही एकदा कार्डशीटवर काढून पाहिला, पण मध्यभागी असलेला निजाम दर वेळी पहिल्या तीन वर्षांत बाद होऊ लागल्याने तो कपाटावर ठेवला आहे. मूळ पटावर ऑस्ट्रियाचीही अवस्था थोडीफार अशीच आहे. तरीही कॅलहॅमर यांनी ती सांभाळली कशी, याची किंमत आपला नकाशा काढायला बसल्यावर कळते.

सात माणसे जमली नाहीत तर?

पाच-सहा जणांत एक-दोन सत्ता निष्क्रिय ठेवून खेळता येते. त्यांच्या सोंगट्या जागच्या हलत नाहीत. इटली आणि जर्मनी रिकामे ठेवणे त्यातल्या त्यात बरे. पाचांहून कमी असल्यास दुसरा खेळ काढावा.

ठाणे-नवी मुंबईत दिवसभराचा डाव जमवताना काय काळजी घ्यावी?

सर्वप्रथम रविवारचा मेगाब्लॉक पाहावा. ट्रान्सहार्बर मार्गावर ब्लॉक असेल तर वाशी, कोपरखैरणे, नेरूळची मंडळी बाराच्या आत पोहोचत नाहीत, आणि उशिरा येणाऱ्या जर्मनीची वाट पाहण्यात फ्रान्स आणि इंग्लंड यांचा बेत इतका शिजतो की जर्मनी येईपर्यंत खेळ अर्धा झालेला असतो. सुटण्याची वेळ आधीच ठरवून ती सर्वांनी मान्य करावी. ‘सहा वाजता जो जिथे असेल तिथे डाव थांबेल’ असे ठरले नसेल, तर पाच वाजता हरणाऱ्याला घरून फोन येतो.

जागा निवडताना टेबलापेक्षा कोपरे मोजावेत. खेळाडूंना जोडीजोडीने बाजूला जाऊन बोलावे लागते, म्हणून गॅलरी, जिना, गच्ची आणि स्वयंपाकघर अशा चार जागा तरी हव्यात. स्वयंपाकघरात चहा टाकायला दोघे एकदम उठले की तिसऱ्याने समजून घ्यावे. नियमपुस्तिकेत पहिल्या फेरीला अर्धा तास आणि पुढच्या फेऱ्यांना पंधरा मिनिटे सुचवली आहेत. मोबाइलवर गजर लावून ती काटेकोर पाळली तर सायंकाळपर्यंत आठ-नऊ वर्षे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणी करू द्यायची की नाही हे आधी ठरवावे. आम्ही बंदी घातली आहे, कारण सात माणसे एका खोलीत मान खाली घालून बसली की पाहणाऱ्याला तो रेल्वेचा प्रतीक्षाकक्ष वाटतो.

आदेश मराठीत लिहिले तर चालतात का?

चालतात. आदेश वाईट लिहिला असला तरी त्याचा एकच अर्थ निघत असेल तर तो पाळावा आणि दोन अर्थ निघत असतील तर ती सोंगटी जागीच राहिली असे समजावे, हा नियम कोणत्याही भाषेला लागू होतो. सैन्यासाठी ‘सै’ आणि आरमारासाठी ‘आ’ लिहावे. प्रदेशांची नावे मात्र पूर्ण लिहावीत, कारण नॉर्वे, नॉर्वेजियन समुद्र, नॉर्थ सी, नॉर्थ अटलांटिक आणि नॉर्थ आफ्रिका ही पाचही ‘नॉ’ने सुरू होतात, आणि नुसते ‘आ लंडन ते नॉ’ असे लिहिलेले इंग्लंडचे आरमार आमच्या एका डावात वर्षभर टेम्सच्या मुखाशीच उभे राहिले होते.